दहा दिवसांचा फरक

वर्तमानपत्रात ‘लक्षणीय’ हा शब्द दिसला की वाचकाच्या डोळ्यांपुढे काहीतरी मोठे उभे राहते. पावसात लक्षणीय घट म्हणजे धरण तळाला गेले असणार, भाजीच्या दरात लक्षणीय वाढ म्हणजे घराचा हिशेब कोलमडला असणार. मराठीत हा शब्द असाच वापरला जातो आणि त्यात चूक काही नाही. घोटाळा होतो तो हाच शब्द संख्याशास्त्रज्ञांच्या लेखातून बातमीत उतरतो तेव्हा. त्यांच्या भाषेत एखादा फरक लक्षणीय ठरला, याचा अर्थ एवढाच की तो निव्वळ योगायोगाने पडला असावा असे मानणे अवघड आहे. फरक केवढा आहे, तो कोणाच्या उपयोगाचा आहे, त्यासाठी काय मोजावे लागेल, यांतले काहीही त्या शब्दात नसते. तरीही वाचक, पत्रकार, डॉक्टर, कधीकधी स्वतः संशोधकही ‘लक्षणीय’ वाचून ‘महत्त्वाचे’ असे समजून घेतात. संख्याशास्त्राच्या सगळ्या गैरसमजांत मला हा सर्वांत नुकसानकारक वाटतो, कारण त्याची किंमत पुष्कळदा आजारी माणूस मोजतो.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. हा आजार शरीरात पसरला की हाती फार थोडा वेळ उरतो, आणि १९९०च्या दशकाअखेरीपासून जेमसिटाबिन हे शिरेतून द्यायचे औषध त्यावरचा मुख्य उपाय होता. त्याच्या जोडीला अर्लोटिनिब नावाची रोज घ्यायची गोळी दिली तर रुग्ण अधिक जगतात का, हे पाहण्यासाठी ५६९ रुग्णांवर एक चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला जेमसिटाबिन आणि अर्लोटिनिब, दुसऱ्याला जेमसिटाबिन आणि औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी. पहिल्या गटातल्या आयुष्याचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्या मुदतीच्या पुढे जगले ती मुदत, ६.२४ महिने निघाली. दुसऱ्या गटात ती ५.९१ महिने होती. पी-व्हॅल्यू ०.०३८ आली. ०.०५ची प्रचलित सीमारेषा ओलांडली गेली होती, म्हणून निकाल ‘लक्षणीय’ ठरला आणि २००५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या जोडीला मंजुरी दिली. ६.२४मधून ५.९१ वजा केले की ०.३३ महिना उरतो, म्हणजे दहा दिवस. या दहा दिवसांसाठी रोजची महागडी गोळी घ्यायची, आणि पुष्कळ रुग्णांना तिच्याबरोबर चेहऱ्यावर, छातीवर उठणारे मुरमांसारखे पुरळ व जुलाबही सोसायचे. ०.०३८ या आकड्यात ना ते दहा दिवस दिसतात, ना ते पुरळ.

मग त्या आकड्यात नेमके असते काय? ‘गोळीने काहीच फरक पडत नाही’ असे घटकाभर धरून चालू. तरीही दोन गटांचे आकडे हुबेहूब सारखे येणार नाहीत, कारण कोणत्या गटात कोण पडले हा नशिबाचा भाग असतो. असे धरल्यावर, दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ नशिबाने दिसण्याची शक्यता किती, याचे उत्तर म्हणजे पी-व्हॅल्यू. ०.०३८ म्हणजे शंभरात सुमारे चार वेळा. प्रश्न नेमका आहे आणि उपयोगाचाही आहे. पण हे उत्तर दोन गोष्टींच्या मिश्रणातून येते. एक, फरक किती मोठा आहे. दुसरी, माहिती किती गोळा केली आहे. पी-व्हॅल्यू ही दोन्ही घुसळून एकच आकडा हाती देते, आणि तो पाहून लहान आकडा मोठ्या फरकामुळे आला की मोठ्या नमुन्यामुळे, हे सांगता येत नाही.

नाण्याच्या हिशेबात हे अगदी उघडे पडते. एक नाणे दहा लाख वेळा उडवले आणि ५,०१,००० वेळा छापा आला. म्हणजे छाप्याचे प्रमाण ५०.१ टक्के. खऱ्याखुऱ्या समतोल नाण्याकडून निम्म्यापासून एवढे किंवा अधिक ढळणे घडण्याची शक्यता शंभरात पाचाहूनही कमी आहे, तेव्हा हे नाणे ‘लक्षणीय’ रीतीने कललेले आहे. मात्र त्या नाण्याने आयुष्यभर क्रिकेटची नाणेफेक केली तरी कोणत्याही कर्णधाराला ते कधी जाणवणार नाही. आता दुसरे नाणे घ्या, जे खरोखर साठ टक्के वेळा छापा देते. ते वीस वेळा उडवले आणि त्याच्या स्वभावानुसार बारा वेळा छापा आला. समतोल नाणेही वीस फेकांत दोन्हींपैकी एका बाजूला निदान एवढे तरी निम्म्या वेळा झुकते, म्हणून पी-व्हॅल्यू ०.५० येते आणि शेरा पडतो ‘लक्षणीय नाही’. पैज लावणाऱ्याला लुबाडील असे नाणे निर्दोष सुटले आणि कोणाचेही काही न बिघडवणारे नाणे दोषी ठरले. गणित दोन्ही ठिकाणी बिनचूक आहे. आपण मात्र त्याला त्याच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न विचारला.

संगणकाच्या काळात पहिल्या नाण्यासारख्या घटना वाढल्या, कारण लाखो माणसांची माहिती आता आपोआप जमा होत राहते. जानेवारी २०१२मध्ये फेसबुकने ६,८९,००३ वापरकर्त्यांना दिसणाऱ्या मजकुराशी आठवडाभर फेरफार केले, आणि त्याचा लेख २०१४ साली प्रसिद्ध झाल्यावर जगभर गदारोळ उठला. न विचारता माणसांवर प्रयोग केल्याचा राग योग्यच होता. पण ‘लोकांच्या भावना बदलता येतात’ या बातमीमागचा मोजलेला परिणाम असा होता : ज्यांना आनंदी मजकूर कमी दाखवला, त्यांच्या स्वतःच्या लिखाणातले आनंदी शब्द हजारी साधारण एकाने कमी झाले. पावणेसात लाख माणसे नसती तर हे कोणाला दिसलेही नसते.

ही ०.०५ची रेघ आली कुठून? इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली संशोधकांसाठी एक हस्तपुस्तिका लिहिली. विसात एक ही मर्यादा सोयीची आहे, असे त्यांनी तीत म्हटले. खते आणि वाण तपासताना शेकडो वाफ्यांतून कोणत्या फरकाकडे पुन्हा वळून बघायचे, ते निवडण्याची ती चाळणी होती. १९५६ साली याच फिशर यांनी लिहिले की कोणताही शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे, सर्व परिस्थितींत, एकच ठरलेली मर्यादा वापरत नाही. तोवर सोय हा नियम झाला होता. मला मात्र फिशर यांच्याहून विल्यम गॉसेट यांचा विचार अधिक मोलाचा वाटतो. गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवण्याच्या कामावर होते आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहीत. आजही जगभर शिकवली जाणारी टी-चाचणी त्यांच्या १९०८च्या लेखातून आली. सातू आणि हॉप्स विकत घेणाऱ्या कारखान्यात बसून त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे ओळखले होते, की किती खात्री पुरेशी आहे हे निकालातून होणारा लाभ आणि आणखी प्रयोगांचा खर्च यांवर अवलंबून असते. चाचणी त्यांनी दिली ती लोकांनी उचलली, तिच्यामागचा व्यवहार मागेच राहिला.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते हलके नाहीत. पहिला आक्षेप अर्लोटिनिबच्या बाजूने उभे राहणाऱ्याचा. तो म्हणेल, ‘दहा दिवस’ हे चित्र एकांगी आहे. मध्यक हा रांगेतल्या मधल्या माणसाचा आकडा आहे, सगळ्या रांगेचा नाही. त्याच चाचणीत वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत २३ टक्के होते आणि न घेणाऱ्यांत १७ टक्के. शंभरांत सहा माणसे जास्त वर्ष पार करतात आणि अशा आजारात ते क्षुल्लक नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मान्य केल्याने माझे म्हणणे अधिकच घट्ट होते. दहा दिवस हाही परिणामाचाच आकार आणि शंभरांत सहा हाही. रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी वाद घालावा, विचार करावा, तो या दोन आकड्यांवर. एखाद्याच्या घरात लग्न दोन महिन्यांवर आले असेल, दुसऱ्याला उरलेले दिवस पुरळ आणि जुलाबांशिवाय हवे असतील. दोघांची उत्तरे वेगळी येतील आणि दोन्ही बरोबर असतील. पण दोघांनाही ‘औषधाचा लक्षणीय फायदा आढळला आहे’ एवढेच सांगितले, तर निवडीचे साधनच त्यांच्या हातून काढून घेतल्यासारखे होते. याच आजारावर २०११ साली प्रसिद्ध झालेली दुसरी चाचणी शेजारी ठेवून पाहावी. चार औषधांच्या फॉल्फिरिनॉक्स या मिश्रणाची तुलना एकट्या जेमसिटाबिनशी केली होती, रुग्ण होते ३४२, म्हणजे अर्लोटिनिबच्या चाचणीहून कितीतरी कमी. मध्यक आला ११.१ महिने विरुद्ध ६.८ महिने. चार महिन्यांहून अधिक! हे मिश्रण अंगावर फार जड जाते आणि मुळात धडधाकट असलेल्या रुग्णांनाच झेपते. तरी चार महिन्यांसाठी काय सोसायचे आणि दहा दिवसांसाठी काय, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि ‘लक्षणीय’ हे विशेषण मात्र दोन्ही निकालांना सारखेच लागले.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. लहान परिणामाला क्षुद्र म्हणायचे कोणी ठरवले? हजारी नऊ म्हणजे आकडेवारीच्या दृष्टीने जवळपास काही नाही, पण ती नऊ माणसे असतात. अमेरिकेतल्या बावीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांवर १९८०च्या दशकात झालेला ॲस्पिरिनचा प्रयोग याच कारणाने नेहमी पुढे केला जातो. निम्म्यांना दिवसाआड ॲस्पिरिन दिली, निम्म्यांना कोरी गोळी. सरासरी पाच वर्षांत कोऱ्या गोळीच्या गटातल्या ११,०३४ जणांपैकी २३९ जणांना हृदयविकाराचा झटका आला, ॲस्पिरिनच्या गटातल्या ११,०३७ जणांपैकी १३९ जणांना. झटक्यांपुरता निकाल इतका स्पष्ट होता की ॲस्पिरिनचा भाग ठरल्या मुदतीआधीच थांबवला गेला. सहसंबंधाच्या मापाने पाहिले तर गोळी आणि झटका यांचे नाते अगदी नगण्य दिसते. तरीही शंभर झटके टळले. तेव्हा परिणामाचा आकार एखाद्या अमूर्त पट्टीवर ‘लहान’ भरला म्हणून तो बिनमहत्त्वाचा ठरत नाही, हे या आक्षेपाचे सांगणे पूर्णपणे खरे आहे.

पण ते आपल्याला कळले कशावरून? पी-व्हॅल्यूवरून नाही. २३९ आणि १३९ हे आकडे माणसांच्या मापात समोर ठेवले म्हणून. आणि माणसांचे माप वापरायचे ठरवले की ते शेवटपर्यंत वापरावे लागते. त्या वेळी गाजला तो ‘४४ टक्के घट’ हा आकडा. तो खराच आहे, फक्त ही टक्केवारी मूळच्या छोट्या धोक्याची आहे. पाच वर्षांत हजारातल्या बावीस जणांना येणारा झटका तेरा जणांवर आला. एक झटका टाळायला सुमारे ११० जणांनी पाच वर्षे गोळी घ्यावी लागली. त्याच तक्त्यात मेंदूतल्या रक्तस्रावाचे आकडे होते, ॲस्पिरिनच्या गटात २३ आणि दुसऱ्या गटात १२. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू होते ८१ आणि ८३, म्हणजे जवळपास बरोबरीत. रक्तस्रावातला फरक त्या चाचणीत ०.०५च्या किंचित अलीकडे राहिला, म्हणून ‘लक्षणीय’ ठरला नाही. झटक्यांचा फरक ठरला. बातमी कशाची झाली हे सांगायला नको. पुढे २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ वयस्क, निरोगी माणसांवरच्या चाचणीत ॲस्पिरिनमुळे धडधाकट जगण्याचा काळ वाढला नाही, उलट गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. आणि २०२२ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यविषयक कृतिदलाने साठी ओलांडलेल्या लोकांनी पहिला झटका टाळण्यासाठी ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये, अशी शिफारस केली. ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे त्यांची गोष्ट निराळी. त्यांचा मूळ धोका मोठा असतो, त्यामुळे तेवढ्याच टक्क्यांच्या घटीत अधिक माणसे वाचतात.

आतापर्यंत एका बाजूची चूक पाहिली, लहान गोष्टीला मोठे समजण्याची. उलट चूकही तितकीच घातक आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज १९५९पासून १९८८पर्यंत ३३ चाचण्यांत तपासले गेले. बहुतेक चाचण्या लहान होत्या, एकेकटीने पाहिल्यास कित्येकींचा निकाल ‘लक्षणीय नाही’ असा आला, आणि फायदा सिद्ध झालेला नाही म्हणून नव्या चाचण्या होत राहिल्या. १९९२ साली संशोधकांनी या चाचण्या वर्षाच्या क्रमाने एकावर एक रचून बेरीज केली. १९७३पर्यंत, फक्त आठ चाचण्या आणि २,४३२ रुग्ण झाले होते तेव्हाच, मृत्यूचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो हे दिसत होते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात दोन प्रचंड चाचण्या होईपर्यंत हे औषध सर्रास वापरात आले नाही. या मधल्या काळात झटका येऊन इस्पितळात पोचलेल्या आणि न वाचलेल्या माणसांचा विचार केला की ‘लक्षणीय नाही’ हे दोन साधे शब्द किती जड आहेत ते उमगते. त्यांचा खरा अर्थ होता ‘एवढ्या रुग्णांवरून सांगता येत नाही’. वाचला गेला तो अर्थ ‘उपयोग नाही’ असा.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. सीमारेषा नसेल तर औषधाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवायचे कसे? प्रत्येक कंपनी आपल्या दहा दिवसांना अमूल्य म्हणेल. रेघ कडक असते, पण निदान सर्वांना सारखी असते. या भीतीत तथ्य आहे, आणि म्हणून २०१९ साली आठशेहून अधिक शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने ‘लक्षणीय’ हा शब्दच निवृत्त करावा अशी मागणी झाली, तेव्हा पुष्कळ विचारी संख्याशास्त्रज्ञ तिच्या विरोधात गेले. मलाही योगायोगाची चाळणी फेकून देणे धोक्याचे वाटते. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१६च्या निवेदनात पी-व्हॅल्यू परिणामाचा आकार किंवा निकालाचे महत्त्व मोजत नाही हे निःसंदिग्धपणे नोंदवले, पण पी-व्हॅल्यू वापरूच नका असे म्हटले नाही. माझे म्हणणे, रेघा दोन असाव्यात आणि दुसरी चाचणी सुरू होण्याआधीच आखलेली असावी. किती फायदा झाला तर तो रुग्णाला फायदा वाटेल, हे रुग्णांना विचारून, उपचार करणाऱ्यांना विचारून आधीच लिहून ठेवावे. असे करता येते. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या एका गटाने २०१४ साली चार कर्करोगांसाठी अशा पट्ट्या सुचवल्या, आणि जेमसिटाबिनवर असलेल्या स्वादुपिंडाच्या रुग्णांसाठी किमान अपेक्षित वाढ तीन ते चार महिने धरली. महिने आधी ठरले असले की कोणतीही कंपनी दहा दिवसांना त्यात बसवू शकत नाही. आणि निकाल देताना एकच आकडा न देता खरा परिणाम कमीत कमी एवढा आणि जास्तीत जास्त एवढा असू शकेल, अशी पट्टी द्यावी. अर्लोटिनिबच्या निकालात मृत्यूच्या वेगातली घट एक टक्क्यापासून एकतीस टक्क्यांपर्यंत कितीही असू शकत होती. या पट्टीचे एक टोक जवळजवळ शून्याला टेकलेले आहे, आणि ते वाचणाऱ्याला दिसायला हवे.

हे सारे जमते याचा पुरावा गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले : बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, अंगात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे ओळखणे आणि वेळ पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. सुरुवातीला या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५वर आला, तुलनेच्या गावांत तो ५९.६ राहिला. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या प्रयोगाच्या लेखात पी-व्हॅल्यूही आहे, हजारात एकाहून कमी. पण लेखकांनी तिच्यावर विसंबून न राहता आणखी दोन आकडे दिले. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर. आणि अशी काळजी घेतलेल्या दर अठरा बाळांमागे एक मृत्यू टळला. ११० डॉक्टरांमागे पाच वर्षांत एक झटका टाळणाऱ्या गोळीशेजारी हा अठरा मांडून बघावा. शाळा न शिकलेल्या आजीला, जिल्हा परिषदेच्या सदस्याला आणि मंत्रालयातल्या अर्थखात्याला तो सारखाच कळतो. २०११पासून घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, आणि बाळ घरीच जन्मलेले असेल तर पहिल्या दिवशीही.